धनावडेकाका, प्र. व. बॉ. अ.

धनावडेकाकांना ताप आला की ते आधी डॉक्टरला तपासतात.

दवाखान्यात आपण नंबर आला की आत जातो आणि मुकाट जीभ दाखवतो. काका आत जातात ते थेट भिंतीकडे वळतात. कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात आणि चौकटीतलं प्रमाणपत्र वरपासून खालपर्यंत वाचून काढतात. विद्यापीठ, वर्ष, शिक्का, सही, सगळं. मग मागे वळून विचारतात, "डॉक्टर, कमावलेली का दिलेली?"

"काय?"

"पदवी हो."

रोह्यातल्या एका तरुण दंतवैद्याने गंमत म्हणून "सासऱ्यांनी दिलेली" असं उत्तर दिलं होतं. काका दुखरी दाढ तशीच गालात धरून खांब गावच्या आपल्या घरी परत आले. "थट्टा करायची गोष्ट हाय व्हय ही? नापास!" असं त्यांनी सुजलेल्या तोंडाने मला फोनवर सांगितलं. पुढचे चार दिवस ते पेज पीत होते.

"नापास. परत या." हे काकांचं पेटंट वाक्य. चहा पाणचट झाला की चहावाला नापास. शिक्षणमंत्र्यांचं भाषण लांबलं की टीव्हीवरचे शिक्षणमंत्री नापास. महामार्गावरच्या खड्ड्यांतून एसटी आदळत निघाली की गडब गाव यायच्या आत ड्रायव्हर नापास, आणि पेणला उतरताना त्याच्या खिडकीशी थांबून, "लायसन कमावलेलं का दिलेलं?" आता त्या मार्गावरचे जुने ड्रायव्हर त्यांना ओळखतात. ते म्हणतात, "दिलेलं हाय काका, पण चालवतो कमावून." त्यावर काका खूश होऊन अर्धा पास करतात.

काकांचं पूर्ण नाव जनार्दन लक्ष्मण धनावडे, प्र. व. बॉ. अ. शेवटची चार अक्षरं आडनावाचाच भाग आहेत असं समजून चालावं. त्यांचा अर्थ प्रथम वर्ग बॉयलर अटेंडंट. रोह्याच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात काकांनी उभी हयात बॉयलरपाशी काढली. ही चार अक्षरं त्यांच्या दारावरच्या पाटीवर आहेत, छत्रीच्या दांड्यावर आहेत, आणि घरातल्या एकूण एक भांड्यावर कोरलेली आहेत. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाणी प्यायलो तेव्हा तांब्यावर 'प्र. व. बॉ. अ.' वाचून मला वाटलं, तांब्या एखाद्या सहकारी संस्थेचा आहे.

"डिग्री म्हंजे काय, सांग," काका कधीही, कुठेही सुरू करतात. "डिग्री म्हंजे कुणीतरी समोर बसून तुला घाम फोडलाय, याची पावती. मानद डिग्रीला कोण घाम फोडतो? बॉयलरला मानद चालत नाय. मंत्री आला म्हणून बॉयलर उठून उभा राहत नाय. त्याला दोनच गोष्टी कळतात, पाणी किती आणि जाळ किती."

माझी त्यांची ओळख झाली ती रोह्याच्या एका छापखानेवाल्यामुळे. त्या बिचाऱ्याने कुणाच्या तरी वाढदिवसाच्या बॅनरवर नावाआधी 'डॉ.' छापलं. काका दुकानात शिरले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला. तो म्हणाला, "काका, पार्टीनं सांगितलं तसं छापलं." काकांनी त्याच क्षणी त्याला नापास केलं आणि पाऊण रोहा तालुका ओलांडून पेणला माझ्याकडे आले. माझा छोटा छापखाना आहे, मुख्यतः लग्नपत्रिकांचा.

आल्या आल्या त्यांनी माझी भिंत पाहिली. भिंतीवर कॅलेंडर होतं.

"शिक्षण?"

"बी.कॉम."

"वर्ग?"

"तिसरा."

"कमावलेली ना?"

"कमावलेली आहे काका, पण फारच थोडी कमावली."

काका पहिल्यांदा हसले. "खरं बोललास. पास."

तेव्हापासून ते माझे बिनपगारी मुद्रितशोधक आहेत. न बोलावता येतात, टेबलावरची प्रुफं ओढून घेतात आणि पेन्सिल चालवतात. आमच्याकडच्या पत्रिका तुम्ही पाहिल्या असतील. नवरा-नवरीची नावं शोधावी लागतात, कारण बाकीची जागा भावकीने भरलेली असते, आणि भावकीतल्या प्रत्येक नावाला शेपूट असतं. माजी सरपंच, भावी सरपंच, समाजभूषण, क्रीडारत्न. काकांची पेन्सिल शेपटं कापत जाते. "समाजभूषण? कुठल्या समाजानं भूषण केला? तारीख काय? विचार त्यांना." मी मान डोलावतो, काका एसटीत बसले की शेपटं परत चिकटवतो आणि पत्रिका छापतो. मला धंदा करायचा आहे.

हे सगळं मजेत चाललं होतं. मग मनीषाचं लग्न ठरलं.

मनीषा काकांची एकुलती एक मुलगी. एम.एस्सी. केमिस्ट्री. काकांच्या भाषेत "पहिल्या फटक्यात". ती रोह्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. आई जाऊन पाच वर्षं झाली, तेव्हापासून घरात बापलेक दोघंच. तिला त्याच एमआयडीसीतला निखिल म्हात्रे आवडला होता. मुलगा पेणचा, बी.ई., आणि माझ्या ओळखीतला. तिने मला गाठलं. "दादा, स्थळ तुम्ही आणल्यासारखं करा. आणि बाबांना सांभाळा." मी होकार दिला. त्या होकारात एक खड्डा होता, तो मला एकट्यालाच ठाऊक होता.

निखिलचे वडील हरिश्चंद्र म्हात्रे. त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर 'डॉ. हरिश्चंद्र बाळाराम म्हात्रे' असं आहे. कार्ड मीच छापलंय. शिक्षण आठवी. कुठल्याशा परदेशी विद्यापीठाने पनवेलच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये त्यांना गाऊन आणि टोपी घालून समाजसेवेची मानद डॉक्टरेट दिली होती. त्या विद्यापीठाचा देश मला नकाशात अजून सापडलेला नाही. बघण्याच्या दिवशी मी म्हात्रेंना निघण्यापूर्वीच सांगितलं, "कार्ड घरी ठेवा. आणि कुणी काही विचारलं तर हवापाण्यावर बोला."

बघण्याच्या कार्यक्रमात काकांनी मुलीला काही विचारूच दिलं नाही. त्यांनी मुलाला समोर बसवलं.

"केट्या किती लागल्या?"

पोह्यांचे चमचे थांबले. निखिल एकदा मनीषाकडे बघून म्हणाला, "चार."

"सुटल्या?"

"सुटल्या. एक तिसऱ्यांदा सुटली."

काका उठले आणि त्यांनी पोराच्या पाठीवर थाप मारली. "दोनदा पडून उठलास? पास! माझाबी तिसऱ्यांदाच सुटला होता." काय सुटला होता ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्ही कुणी विचारलंही नाही. सगळे इतके सुटकेचे श्वास सोडत होते की पंख्याची गरज नव्हती. म्हात्रे सबंध वेळ हवापाण्यावर बोलले.

खड्डा पत्रिकेच्या दिवशी लागला. दोन्ही घरं मजकूर नक्की करायला माझ्या दुकानात जमली. काका, मनीषा, निखिल आणि म्हात्रे. म्हात्रेंनी आपल्या बाजूचा मजकूर घरून लिहून आणला होता. काकांनी तो ओढून घेतला, चष्मा खाली आणला, आणि पहिल्याच ओळीवर पेन्सिल थांबली.

"डॉक्टर? कसले? जनावरांचे?"

"नाय, मानद," म्हात्रे म्हणाले.

मी उगाचच कागदांचे गठ्ठे सरळ करायला लागलो.

"म्हंजे दिलेली."

"व्हय, दिलेली."

"मग माझ्या मुलीच्या पत्रिकेत नाय छापायची."

"माझ्या मुलाच्या पत्रिकेत छापायची."

पत्रिका एकच होती. निखिल "बाबा, राहू दे ना" म्हणाला, म्हात्रेंनी त्याला हातानेच गप्प केलं. काकांचा आवाज चढला. ज्या माणसानं परीक्षेचा पेपर उघडून बघितला नाही त्यानं डॉक्टर लावायचं, मग माझ्या पोरीनं एम.एस्सी.ला डोळे का फोडले? खोट्या घरात मुलगी द्यायची का? 'खोटं घर' हा शब्द तोंडातून गेला आणि मनीषाचा चेहरा पांढरा पडला. एवढ्या खटपटीने जमवलेलं लग्न माझ्या टेबलावर मोडायला निघालं होतं, आणि मध्यस्थ मी होतो. मला आत कुठेतरी जाऊन लपावंसं वाटत होतं.

म्हात्रे मात्र ओरडले नाहीत. ते मोठे, काळे, घामट गृहस्थ आहेत. त्यांनी रुमालाने मान पुसली.

"धनावडे, आमचा खारेपाट, खाडीकाठचा. चहूकडून पाणी, पण प्यायला थेंब नाय. उन्हाळ्यात टँकर यायचा तो पयल्या गावातच रिकामा व्हायचा. मी टँकरच्या पुढं बसून शेवटच्या गावापर्यंत जायचो. वीस उन्हाळे. लोकांनी शिव्या दिल्या, एकदा डोकं फोडलं, हे बघा." त्यांनी केस बाजूला करून खूण दाखवली. "मला ठाऊक हाय ते विद्यापीठ कसलं ते. मी येडा नाय. पण तो गाऊन घालून घरी गेलो ना, तं आई रडली. नव्वदीची हाय. तवापासून मला डागदर म्हणते. पत्रिका ती वाचून घेईल कुणाकडून तरी. तुमी म्हणता परीक्षा दिली नाय. बरोबर हाय. या कामाची परीक्षा कुठं असते ते सांगा, उद्या जाऊन बसतो."

काकांनी पेन्सिल टेबलावर ठेवली, छत्री उचलली आणि बाहेर पडले. मनीषा उठायला लागली तशी मी तिला खूण करून बसवलं. काचेतून दिसत होतं, काका समोरच्या बदामाच्या झाडाखाली उभे होते आणि छत्रीच्या टोकाने जमिनीवर टोचत होते. रोह्याची एक गाडी आली आणि गेली. ते चढले नाहीत. चहा मागवला, तोही निवला.

दहा-पंधरा मिनिटांनी काका आत आले.

"जाळ काढला," ते म्हणाले.

आम्हाला कुणालाच काही कळलं नाही.

"छाप डॉक्टर," ते मला म्हणाले, आणि मग म्हात्रेंकडे वळले. "परीक्षाच नसेल तर नापास कसा करू? आणि ते घर म्हणालो ते चुकलं माझं. आईंना सांगा, मी स्वतः पत्रिका वाचून दाखवायला येतो."

म्हात्रेंनी त्यांना असं घट्ट धरलं की काकांचा चष्मा वाकडा झाला. निखिल आणि मनीषा एकमेकांकडे न बघता हसत होते. मी निवलेला चहा सगळ्यांना वाटला आणि कुणीही त्याला नापास केलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती चारचौघांत विनोद म्हणून सांगितली असती, आणि अजूनही तेवढीच सांगतो. पुढची आज पहिल्यांदा सांगतोय.

पुढच्या मंगळवारी सकाळी काका एकटेच आले. शेवटचं प्रूफ त्यांना घरी नेऊन वाचायचं होतं, ते वाचून परत आणलं होतं. मी बघायला घेतलं. कुठेच काटछाट नव्हती. फक्त सगळ्यात वर, आशीर्वादाच्या ओळीत, 'कै. हिराबाई जनार्दन धनावडे' या नावापुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, प्र. व. बॉ. अ.

"काका, हे तुमच्या नावापुढचं. चुकून वर आलंय."

"चुकून नाय."

ते खुर्चीवर बसले. छत्री दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली आणि तिच्या मुठीशीच बोलल्यासारखं बोलायला लागले.

हिराबाई पेणच्या खाडीकडची, मिठागरात काम करणाऱ्या घरातली. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, बँकेत अंगठा. काकांनी बॉयलरच्या परीक्षेला फॉर्म भरला तेव्हा ते पुस्तक मोठ्याने वाचत आणि ती भाकऱ्या थापता थापता ऐकत असे. "माझ्या एका कानातून जायचं नि दुसऱ्यातून बाहेर पडायचं. तिच्या डोक्यात राहायचं." लेखी पार पडायची, पण मुंबईला साहेबांच्या समोर तोंडी परीक्षेला उभं राहिलं की काकांची बोबडी वळायची. दोनदा नापास झाले. तिसऱ्या वेळेला तिने घरातच परीक्षा घ्यायला सुरुवात केली. ती पाटावर तांदूळ निवडत बसायची, आणि काका समोर हात बांधून उभे.

"उभ्या जन्मात तिनं माझं नाव घेतलं नाय. पण परीक्षेला बसली की, 'धनावडे!' अशी हाक मारायची. आवाज असा की शेजारच्या घरात कळावं. 'धनावडे! काचेत पानी दिसला नाय त काय करशीला?' काच म्हंजे बॉयलरची, आत पाणी किती ते दाखवणारी. मी सांगायचो, पाणी घालीन. 'नापास. परत या.' मी अंगणात जायचो नि परत यायचो."

माझ्या हातातलं प्रूफ मी खाली ठेवलं.

"मला ते पाणी का घालायचं नाय ते ध्यानातच राहत नव्हतं. मग एक दिवस तिनं चुलीवर खापर तापवलं, कोरडं, लाल होईपर्यंत. नि त्यात गार पाण्याचा तांब्या ओतला. ताडकन दोन तुकडे. म्हणाली, 'पानी नाय घालायचा. आधी जाळ काढायचा. कळला?' घरात दुसरं खापर नव्हतं. त्या दिवशी भाकरी नाय झाली."

मुंबईला तिसऱ्यांदा उभे राहिले तेव्हा साहेबांनी नेमकं हेच विचारलं. काका म्हणाले, साहेब, आधी जाळ काढीन, तापल्या खापरात पाणी घालत नसतात. साहेबांनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? काका म्हणाले, घरच्या.

"आणि पुढं एकदा कंपनीत तसंच झालं," काका म्हणाले. "सकाळची शिफ्ट. बघतो तर काचेत पाणी नाय. वर नवीन आलेला इंजिनियर, डिग्रीवाला, कमावलेली हां, तो ओरडला, पंप चालू कर. त्याचा हात बटणापाशी. मी त्याचा हात धरला नि आधी आग ओढून काढली. पंप चालू झाला असता तर आज मी नाय, तो इंजिनियर नाय, शिफ्टमधला कुणीच नाय. कंपनीनं मला हार घातला, भिंतीवरचं घड्याळ दिलं. सगळे म्हणाले, वा धनावडे, फर्स्ट क्लास. मी घरी आलो नि घड्याळ तिच्या हातात दिलं. तर म्हणते कशी, 'मला काय कलतंय त्यातला.' नि दुसऱ्या दिवशी सगळी भांडी डोक्यावर घेऊन बाजारात गेली, माझ्या नावापुढं ती अक्षरं कोरून घ्यायला. ती हौस तिची हो. माझी नाय."

मला तो तांब्या आठवला. त्याला हसलो होतो त्याची मला लाज वाटली.

मी कॉम्प्युटरपुढे बसून त्या ओळीवर आलो. काय करावं कळत नव्हतं. शेवटी, त्यांच्याच शिस्तीला धरून, मी हळूच विचारलं, "काका, कंसात 'मानद' घालू का?"

"नाय," ते लगेच म्हणाले. "तिची कमावलेली हाय. मानद घालायचंच तर माझ्या नावापुढं घाल. मला तिनं दिलेली हाय."

ते थट्टा करत नव्हते. मी दोन्ही ओळी त्यांनी सांगितल्या तशा छापल्या. काकांनी प्रूफ हातात घेतलं, चष्मा खाली आणला आणि भिंतीवरच्या प्रमाणपत्रांसारखं वरपासून खालपर्यंत वाचलं. पेन्सिल काढली नाही.

पत्रिका तयार झाल्या त्या दिवशी ते पुन्हा आले. पहिली पत्रिका त्यांनी हळदकुंकू लावून देवापुढे ठेवायला वेगळी काढली. दुसरी पिशवीत घातली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून एसटी स्टँडच्या उलट दिशेला, खाडीच्या रस्त्याला वळले.

"काका, तिकडे कुठे? गाडी इकडून आहे."

"हिच्या माहेरी जातो," ते म्हणाले. "तिच्या भावांना अजून वाटतंय, आपली बहीण अडाणी होती."